चालत्या कानासाठी : लखनौनं शिकवलेलं

गेली काही वर्षं लखनौत राहून मी एका वेगळ्या प्रकारच्या संगीतरचनेचं काम करते आहे. श्रोता फोन खिशात ठेवतो, हेडफोन लावतो आणि कैसरबागेत चालू लागतो. तो कुठे आहे हे जीपीएसमुळे फोनला कळतं आणि त्याप्रमाणे कानातलं संगीत बदलतं. सफेद बारादरीसमोर एक रंग, सआदत अली खाँच्या मकबऱ्याकडे वळला की दुसरा, मधल्या वाटेवर तिसराच. तो मागे फिरला, बाकावर बसला, भलत्याच वाटेला लागला, तरी रचना त्याच्या सोबत राहते. सुरुवात आणि शेवट ज्यानं त्यानं आपल्या पायांनी ठरवायचे.

कैसरबाग मराठी संगीतकाराला परकी नाही. वाजिद अली शाहनं १८४८ ते १८५० या काळात ही बाग आणि तिच्याभोवतीचे महाल उभे केले. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं आणि तो कलकत्त्याच्या मटियाबुर्जला गेला. पुढे याच परिसरात वाळकेश्वरच्या विष्णु नारायण भातखंड्यांनी, राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांच्या साथीनं, १९२६ साली मॅरिस कॉलेज हे संगीत महाविद्यालय उभं केलं. १९२८ पासून श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी ते दीर्घकाळ सांभाळलं. के. जी. गिंडे, चिदानंद नगरकर, दिनकर कैकिणी, सुमती मुटाटकर ही मंडळी तिथूनच घडली. आज ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे.

वेळेनुसार संगीत कसं बदलतं याचं सर्वांत नीट बांधलेलं शास्त्र भातखंड्यांनी मांडलं. जागेनुसार संगीत कसं बदलावं, हे मला त्यांच्याच शास्त्रातून उमगत गेलं. नवीन माणसं मला सॉफ्टवेअर कुठलं, नकाशा कुठला, असं विचारतात. ते सगळं आठवड्याभरात शिकता येतं. खरं काम असतं एका जागेचं संगीत दुसऱ्या जागेच्या संगीतात कसं शिरतं ते ठरवण्याचं. पुढच्या बहुतेक मुद्द्यांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

१. आधी जागेचं ऐका

जागेसाठी लिहायचं तर तिथे आधीपासून काय वाजतं ते वेगवेगळ्या वेळी जाऊन ऐकायला हवं. कैसरबागेत पहाटे पोपट आणि कावळे असतात. ऊन चढलं की ई-रिक्षांचे भोंगे सुरू होतात. विद्यापीठाच्या बाजूनं गेलं की कुणाचे पलटे, कुणाचा तबल्यावरचा कायदा, कथकच्या मुलींचा तत्कार असं एकत्र कानावर येतं. एका मशिदीची अजान संपत असताना दुसरीची सुरू झालेली असते. हे आवाज मी लिहिलेले नाहीत, पण माझ्या रचनेत ते आहेतच. म्हणून कान पूर्ण बंद करणारे हेडफोन वापरू नका, असं मी प्रत्येक श्रोत्याला सांगते. बाहेरचा आवाज आत येऊ देणारे स्वस्तातले इअरफोन या कामाला जास्त चांगले.

जुन्या लखनौतल्या चौक या भागात हे फार स्पष्टपणे कळलं. तिथल्या गल्ल्यांत चांदीचा वर्ख कुटणारे कारागीर अजून आहेत. चामड्याच्या पुडक्यात चांदीचे तुकडे घालून हातोडीनं तासन्‌तास कुटतात. शेजारी दोघे बसले तर दोन हातोड्यांची लय कधी जुळते, कधी सरकते आणि थोड्या वेळानं पुन्हा जुळते. त्या गल्लीसाठी मी ताल लिहिलाच नाही. फक्त तानपुरा ठेवला आणि त्यावर अधूनमधून सारंगीचा एखादा लांब स्वर. माझ्या कामाविषयी ऐकून तिथले एक वयस्क चचा म्हणाले होते, "बेटी, यहाँ आवाज़ों की कमी थोड़े ही है, आप कम ही डालिएगा." त्यांचा शब्द मी मानला. त्या गल्लीचा भाग लोकांना सर्वांत जास्त आवडतो.

२. उपग्रहाची चूक गृहीत धरून लिहा

जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन आपली जागा साधारण पाच मीटरपर्यंत अचूक सांगतो. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराचे संकेत मुद्दाम गढूळ करत असे, तेव्हा ही चूक शंभर मीटरपर्यंत जाई. ते बंद झालं म्हणून हा संगीतप्रकार शक्य झाला. पण पाच मीटरही मोकळ्यावर. चौकातल्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून संकेत आपटून येतात आणि फोनच्या मते तुम्ही शेजारच्या घराच्या माजघरात उभे असता. रूमी दरवाज्याच्या कमानीखाली तर क्षणभर काहीच कळेनासं होतं.

यावर उपाय साधा आहे. नकाशावर जी वर्तुळं आखायची, ज्यांना जिओफेन्स म्हणतात, ती मोठी ठेवायची. तीस मीटर त्रिज्येपेक्षा लहान वर्तुळ मी आखत नाही. शिवाय प्रत्येक ठिकाणाला दोन वर्तुळं द्यायची : आतलं प्रवेशाचं, बाहेरचं निघण्याचं. माणूस आतल्या रेषेच्या आत आला की संगीत सुरू होतं, आणि बाहेरची रेषा ओलांडेपर्यंत ते सुटत नाही. दोन रेषांमध्ये दहा-बारा मीटरचं अंतर असलं म्हणजे काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या कानात संगीत सतत चालू-बंद होत नाही.

३. चालणाऱ्याची लय मोजा

सावकाश फिरणारा माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो. तीस मीटर त्रिज्येचं वर्तुळ तो मधून ओलांडून गेला तर साठ मीटरांना अठ्ठेचाळीस सेकंद लागतात. विलंबित एकतालाची मात्रा चार सेकंदांची धरली तर बारा मात्रांचं आवर्तनही अठ्ठेचाळीस सेकंदांचंच होतं. म्हणजे एका वर्तुळात एक आवर्तन. हा हिशेब पहिल्यांदा वहीत मांडला तेव्हा मला फार आनंद झाला होता.

आता द्रुत तीनताल घ्या. मिनिटाला दोनशे चाळीस मात्रा असतील तर सोळा मात्रा चार सेकंदांत संपतात, आणि तेवढ्यात माणूस पाचच मीटर पुढे जातो. जीपीएसची चूकही तेवढीच. म्हणून द्रुत लयीतला तुकडा जमिनीच्या विशिष्ट जागेशी बांधता येत नाही. द्रुत वापरायचं तर ते सगळ्या परिसरभर पसरलेलं असावं. ठिकाणाशी बांधायचं ते विलंबित किंवा मध्य लयीत.

आणखी एक नियम मी कधी मोडत नाही. माणसानं वर्तुळाची रेषा ओलांडली त्या क्षणी संगीत बदलायचं नाही. फोनला नोंद घेऊ द्यायची, पण बदल पुढच्या समेवरच करायचा. ऐकणाऱ्याला काही सेकंदांचा उशीर जाणवत नाही, पण तुटलेलं आवर्तन मात्र ज्याला ताल कळत नाही त्यालाही खटकतं.

४. आधीच्यांचं काम पाहा

अमेरिकेत मॅक्स न्यूहाउसनं १९६७ मध्ये बफेलो शहरातल्या एका रस्त्याच्या कडेला लहान रेडिओ प्रक्षेपक लावले होते. गाडीतला रेडिओ लावून त्या रस्त्यानं जाणाऱ्याला आपल्या वेगाप्रमाणे आणि दिशेप्रमाणे वेगळी रचना ऐकू यायची. तेव्हा जीपीएस नव्हतं. कॅनडाची जॅनेट कार्डिफ १९९१ पासून श्रोत्याला चालायला लावणाऱ्या ध्वनिरचना करते. तिची न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली २००४ ची रचना या प्रकारात आवर्जून अभ्यासावी अशी आहे. वॉशिंग्टनमध्ये ब्लूब्रेन नावानं काम करणाऱ्या दोन भावांनी २०११ मध्ये नॅशनल मॉल या विस्तीर्ण हिरवळीसाठी फोनवरचा अल्बम केला. तो त्या हिरवळीबाहेर वाजायचाच नाही.

आणि हे सगळं दूरचं वाटत असेल तर आपली वारी आठवा. काकडा कधी, वासुदेव कधी, गौळणी कधी याचा दिंडीत क्रम ठरलेला असतो, आणि वाटेवरच्या काही जागांना त्यांचं म्हणून काही असतं. रिंगणाच्या मैदानात टाळ-पखवाज जसा वाजतो तसा घाटाच्या चढावर वाजत नाही. चालीप्रमाणे आणि ठिकाणाप्रमाणे बदलणारं संगीत मराठी पायांना शतकानुशतकं माहीत आहे.

५. सर्वांत जास्त वेळ सांध्यांना द्या

माझी जी काही समज आहे ती या मुद्द्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन ठिकाणांची दोन संगीतं घेऊन एकाचा आवाज कमी आणि दुसऱ्याचा जास्त करत नेणं, हा सर्वांत सोपा मार्ग. बहुतेक रचना तशाच असतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या संथ आवाजात ते खपून जातं. रागसंगीतात खपत नाही. खमाज विरत असताना काफी वर येऊ लागला तर मधल्या दहा सेकंदांत शुद्ध आणि कोमल गंधार एकमेकांवर आदळतात. कान मिटून घ्यावेसे वाटतात.

यावरचं उत्तर भातखंड्यांच्या समयचक्रात आहे. त्यांनी रागांचे तीन मोठे वर्ग केले : कोमल ऋषभ आणि शुद्ध गंधाराचे संधिप्रकाश राग, शुद्ध ऋषभ-गंधार-धैवताचे राग, आणि कोमल गंधार-निषादाचे राग. दिवसभरात हे वर्ग एकापाठोपाठ येतात, आणि रात्री पुन्हा त्याच क्रमानं येतात. एका वर्गातून दुसऱ्यात जाताना मध्ये जे राग भेटतात त्यांना परमेलप्रवेशक म्हणतात. दुपारच्या भीमपलासीकडून सूर्यास्ताच्या पूर्वी-मारव्याकडे जाताना मध्ये मुलतानी लागतो. त्याचा कोमल गंधार मागच्या वर्गाशी नातं सांगतो, तर कोमल ऋषभ-धैवत आणि तीव्र मध्यम पुढच्या वर्गाची चाहूल देतात. रात्री खमाजाकडून काफी अंगाकडे जाताना जयजयवंती लागतो. त्याच्यात दोन्ही गंधार आहेत आणि दोन्ही निषादही.

हे मी जमिनीवर आणलं. सफेद बारादरीच्या परिसराला खमाज दिला. वाजिद अली शाहच्या दरबारात ठुमरी बहरली आणि खमाज हा ठुमरीचा लाडका राग, म्हणून. मकबऱ्याच्या बाजूला काफी अंग दिलं. मधल्या वाटेवर जयजयवंतीचं वर्तुळ आखलं आणि दोन्हीकडच्या वर्तुळांना ते थोडं झाकेल असं ठेवलं. आता श्रोता बारादरीकडून निघतो तेव्हा त्याला शुद्ध गंधाराचीच सोबत असते. मध्ये कुठेतरी कोमल गंधाराचा एक कण येतो, मग दुसरा. मकबऱ्याचे घुमट डोक्यावर येतात तोवर शुद्ध गंधार मावळलेला असतो. संगीत कुठे बदललं ते त्याला बोट ठेवून सांगता येत नाही, पण आपण कुठून तरी कुठे आलो एवढं नक्की जाणवतं. मला हवं ते हेच.

ज्यांना रागांचं काही कळत नाही अशा श्रोत्यांनाही हे पोचतं, हा माझा ठाम अनुभव आहे. म्हणून नकाशा काढताना मी आता आधी सांध्यांची वर्तुळं आखते आणि ठिकाणांची नंतर. भातखंड्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' चार भागांत आहे, मराठीत आहे, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. या कामाला हात घालणाऱ्या मराठी माणसानं ती वाचलीच पाहिजे. इंग्रजीतल्या कुठल्याही पुस्तकानं मला इतकं दिलं नाही.

६. माणूस मागेही फिरतो

समयचक्राचा एक भाग मात्र जसाच्या तसा घेता येत नाही. काळ एकाच दिशेनं जातो. संध्याकाळनंतर रात्र येते, रात्रीनंतर पुन्हा संध्याकाळ येत नाही. चालणारा मात्र मकबऱ्यापाशी पोचून परत बारादरीकडे येऊ शकतो, आणि बहुतेक जण येतातच. त्याला काफीतून खमाजाकडे नेणारा जयजयवंती हवा, आणि तो उलटा वाजवलेला जयजयवंती नव्हे.

त्यासाठी एकाच सांध्याचे दोन पाठ मी गाऊन घेतले. जाताना ऐकायच्या पाठात आलाप खाली उतरत कोमल गंधाराला स्पर्श करून ऋषभावर थांबतात. परतीच्या पाठात आलाप वर चढतात, शुद्ध गंधारावरून मध्यम-पंचमाकडे जातात आणि तिथे मोकळे सुटतात. राग तोच, कल वेगळा. श्रोता कुठल्या वर्तुळातून आला एवढं फोनला आठवलं की पाठ निवडता येतो. कामाचा बोजा दुप्पट होतो, हे खरं. पण परत येणाऱ्याला तीच वाट नवी वाटते.

७. सूर तेच ठेवून तानपुरा हलवा

मूर्च्छनेचं तत्त्व आपल्याकडे भरतापासून आहे. जागेच्या संगीतासाठी त्याच्याइतकं उपयोगी तत्त्व मला दुसरं सापडलं नाही.

भूपाचे पाच स्वर घ्या : सा रे ग प ध. षड्ज तिथून उचलून गंधारावर ठेवा, म्हणजे त्याच पाच स्वरांचा मालकंस होतो. पंचमावर ठेवला तर दुर्गा, धैवतावर ठेवला तर धानी. गाणाऱ्यानं काहीच बदललं नाही, फक्त तानपुरा बदलला. आता गाणं सगळ्या परिसरात एकच ठेवायचं आणि ठिकाणाप्रमाणे तानपुरा तेवढा बदलायचा. उन्हातल्या हिरवळीवरून श्रोता लाखी दरवाज्याच्या सावलीत येतो. गळा तोच, ओळ तीच, पण पायाखालची जमीन सरकली आणि भूप मालकंस झाला.

राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे, हे मला मान्य आहे आणि माझे गुरुजीही तेच बजावत. भूपाची चाल मालकंसाला शोभणार नाही. पण इथे एक सुंदर योग आहे. भूपात वादी गंधार आणि संवादी धैवत. षड्ज गंधारावर नेला की भूपाचा गंधार मालकंसाचा षड्ज होतो आणि भूपाचा धैवत मालकंसाचा मध्यम. मालकंसाचे संवादी आणि वादी नेमके हेच. म्हणजे भूप गाताना जिथे आपण सहज थांबतो, तिथेच थांबणं मालकंसालाही मानवतं. आलाप त्या दोन स्वरांभोवती ठेवले तर दोन्ही रागांचा मान राहतो. दुर्गा आणि धानीचं इतकं सहज जमत नाही, म्हणून त्या जागी मी फक्त वाद्यांचे तुटक स्वर ठेवले.

करताना एक काळजी घ्यायची. एक तानपुरा विरवत दुसरा लगेच आणू नये. पहिला पूर्ण थांबू द्यावा, काही सेकंद गळा आधाराशिवाय राहू द्यावा, मग दुसरा तानपुरा लांबून येऊ द्यावा. त्या निराधार सेकंदांत श्रोते पुष्कळदा चालायचे थांबतात. मी ते लांबून पाहिलं आहे.

८. बसलेल्या माणसाचा विचार करा

लखनौत माणसं उद्यानात बसायला येतात. एखादे आजोबा बाकावर टेकले की तासभर हलत नाहीत. त्यांच्या कानात तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजू लागला तर ते हेडफोन काढून ठेवतील. म्हणून बाकांजवळच्या वर्तुळांत मी एकच लांब तुकडा ठेवत नाही. वेगवेगळ्या लांबीचे तीन थर ठेवते, एकेचाळीस, त्रेपन्न आणि सदुसष्ट सेकंदांचे. तिन्ही आपापले फिरत राहतात. ते पुन्हा पहिल्यासारखे एकत्र यायला चाळीस तासांहून जास्त वेळ लागतो. ब्रायन ईनोनं विमानतळासाठीच्या १९७८ च्या अल्बममध्ये अशाच असमान लांबीच्या फिती वापरल्या होत्या. तालाला हे चालत नाही. आलापाला चालतं.

९. एका कानावर भागलं पाहिजे

डावीकडून सारंगी, उजवीकडून जलतरंग, मागून घुंगरू असा अवकाश रचायचा मोह या कामात फार होतो. हेडफोनवर तो परिणाम विलक्षण येतो. पण संध्याकाळी एकटी चालणारी बाई दोन्ही कानांत इअरफोन घालत नाही. मी स्वतः घालत नाही, माझ्या विद्यार्थिनी घालत नाहीत. एक कान मागच्या पावलांसाठी मोकळा ठेवावा लागतो.

म्हणून रचनेचा प्रत्येक भाग मी एका कानावर तपासते. डाव्या कानावर पूर्ण अर्थ लागला पाहिजे, उजव्यावरही लागला पाहिजे. दोन्हीतला फरक ही वरची भेट, गरज नव्हे. रस्ता ओलांडायच्या जागांवर तर संगीत इतकं पातळ ठेवते की रिक्षाचा भोंगा त्याच्यावरून सहज ऐकू यावा, आणि तिथे लक्ष वेधून घेणारं नवीन काहीच सुरू होऊ देत नाही. संगीतकार घरी बसून लिहितो, ऐकणारी रस्त्यावर असते. तिच्या सुरक्षिततेचा विचार हा रचनेचाच भाग आहे, आणि याबाबतीत माझं मत कठोर आहे : ज्या रचनेसाठी बाईला दोन्ही कान झाकावे लागतात ती रचना सार्वजनिक जागेसाठी झालेलीच नाही.

१०. कुठे गप्प राहायचं ते आधी ठरवा

लखनौच्या नकाशावर गप्प राहायच्या जागा बऱ्याच आहेत. रेसिडेन्सी त्यांतली पहिली. १८५७ च्या वेढ्यात तोफांनी फोडलेल्या भिंती तिथे आजही तशाच उभ्या आहेत आणि आत मोठं कबरस्तान आहे. तिथे काय वाजवावं, असं मला अनेकांनी विचारलं. शोकगीत लिही, असंही सुचवलं. मी तिथे काहीही ठेवलेलं नाही. फाटकाजवळ तानपुऱ्याची एकच तार उरते आणि आत गेल्यावर तीही थांबते. फोन बिघडला असं कुणाला वाटू नये म्हणून ही सूचना सुरुवातीच्या पडद्यावर लिहिलेली असते.

दुसरी जागा बडा इमामबाडा. आसफउद्दौलाच्या काळात, १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून त्याचं बांधकाम सुरू झालं. मधलं दालन सुमारे पन्नास मीटर लांब आणि पंधरा मीटर उंच, मध्ये एकही खांब किंवा तुळई नाही. एका टोकाला कागद फाडला किंवा काडी ओढली तर दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येतं, हे तिथले वाटाडे रोज करून दाखवतात. जाड भिंतींच्या आत जीपीएस चालत नाही. त्याऐवजी ब्लूटूथचे लहान संकेतक भिंतींवर लावून आत संगीत देता येतं, आणि तशी सूचनाही मला झाली होती. संरक्षित वास्तूत असं काही लावायला परवानगी लागते, तो प्रश्न वेगळा. पण परवानगी मिळाली असती तरी मी ते केलं नसतं. त्या दालनाला स्वतःचा आवाज आहे. तिथे हेडफोन काढून ठेवा, एवढंच माझी रचना सांगते.

तिसरी गोष्ट जागेची आहे आणि काळाचीही. मोहरमचा चाँद दिसल्यापासून दोन महिने आठ दिवस, चुप ताजियाची मिरवणूक निघेपर्यंत, लखनौची शिया घरं शोकात असतात. या काळात गाणं-बजावणं होत नाही. मजलिशीत सोजख्वानी, म्हणजे शोककाव्याचं गायन, होते, तीही रागांच्या आधारानं, पण वाद्यांशिवाय. जुन्या लखनौच्या गल्ल्यांतून त्या दिवसांत कुणी माझी सारंगी ऐकत फिरावं हे मला पटण्यासारखं नव्हतं. म्हणून इमामबाड्यांच्या आणि चौकाच्या भागातली वर्तुळं त्या काळात बंद राहतात. हे आधीपासून गणित करून यंत्रावर सोडता येत नाही, कारण तारीख चाँद दिसण्यावर ठरते. चाँदची घोषणा झाली की मी हातानं ती वर्तुळं बंद करते, आणि चुप ताजिया झाला की हातानंच उघडते. या एका गोष्टीमुळे चौकातल्या लोकांनी मला जितकं आपलं मानलं तितकं कुठल्याही सुरावटीमुळे मानलं नसतं.

११. तांत्रिक, पण विसरू नये असं

सगळं संगीत घरच्या वायफायवर आधी उतरवून घेता आलं पाहिजे. रस्त्यात नेटवर्कच्या भरवशावर राहू नये. सतत जागा विचारत राहिलं की फोनची बॅटरी भराभर संपते, म्हणून बसलेल्या माणसाची जागा वरचेवर विचारू नये. आणि सर्वांत महत्त्वाचं : श्रोता कुठे कुठे फिरला ही माहिती त्याच्या फोनबाहेर जाता कामा नये. मला ती नको असते, म्हणून मी ती गोळाच करत नाही.

१२. आपापल्या गावात सुरू करा

भातखंड्यांनी देशभर हिंडून बंदिशी गोळा केल्या आणि शेवटी शास्त्र उभारलं ते शिकवता यावं म्हणून. त्याच वृत्तीनं मी हे सगळं लिहून ठेवते आहे. महाराष्ट्रात या कामाला जागा आणि माणसं दोन्ही मुबलक आहेत. मिरजेत तानपुरे घडवणाऱ्यांच्या गल्लीपासून दर्ग्यापर्यंतची वाट आहे, जिथे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत दरवर्षी गाणं होतं. वाईचा घाट आहे, पन्हाळ्याचा तट आहे, नाशिकची पंचवटी आहे. गाणारं कुणीतरी, तानपुरा, जुजबी ध्वनिमुद्रण आणि नकाशा आखून देणारं एखादं मोफत ॲप, एवढ्यावर सुरुवात होते.

संगीत शिकणाऱ्या तरुण मुलामुलींना माझी विनंती आहे. रोज ज्या रस्त्यानं क्लासला जाता त्यावरची दोनच ठिकाणं निवडा. दोन राग घ्या, मधला सांधा तुमचा तुम्ही शोधा आणि तो दोन्ही दिशांनी चालून ऐका. मग शेजारच्या मावशींना ऐकवा, त्याही एका कानानं. आणि लखनौला आलात तर सकाळी सातच्या आत कैसरबागेत या. त्या वेळी रिक्षा कमी असतात आणि विद्यापीठाच्या बाजूनं रियाजाचे स्वर येत असतात.